गळ्यावरचे भोवरे

माझ्या गळ्यावर दाढी पेरताना देवानं पाभर बाजूला ठेवली आणि मुठीनं बी फेकलं, असं माझं स्पष्ट मत आहे. गालांवरचे केस शहाण्यासारखे खाली वाढायचे. हनुवटीखाली उतरले की मात्र एकेकाच्या अंगात वारं शिरायचं. उजवीकडचे कानाकडे पळायचे, डावीकडचे आडवे होऊन गळ्याच्या मधल्या उंचवट्याकडे, घाटीकडे यायचे आणि घाटीच्या खाली तर सगळे उफराटे, हनुवटीकडे तोंड करून उभे. अशा गळ्याची दाढी करायची हिंमत आमच्या निघोज्यात एकाच माणसात होती, ती म्हणजे गावच्या न्हाव्यात. आम्ही त्यांना नाना म्हणायचो.

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नची गोष्ट. सुगीला घराघरातून धान्याचं बलुतं न्यायचं आणि वर्षभर गावाच्या दाढ्या-डोकी करायची, असा नानांचा रिवाज. आठवड्यातून एकदा आपली पाळी यायची. देवळाच्या ओट्यावर हत्यारांची धोकटी उघडून ते बसायचे. हात इतका हलका की बसल्या बसल्या माणसाला पेंग यावी. आधी वरून खाली सुलटा हात, मग कातडी ताणून धरून खालून वर उलटा हात. "आठ दिस गालावर माशी बसली तर घसरून पडंल," असं म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्या संध्याकाळी माझाही गळा काचेसारखा असायचा. दोन-तीन दिवसांत मात्र पुटकुळ्या उठायच्या, त्यांचे फोड व्हायचे, फोडांत पू धरायचा, आणि ते सुकतात न सुकतात तोवर पुढची पाळी यायची. गावात त्याचं कुणाला काही नव्हतं. शेतातल्या कांद्याला काय, मालकाची मान बघून वाढायचं असतं थोडंच!

मग पिंपरीला औषधाचा कारखाना निघाला आणि मला तिथे उमेदवारीवर घेतलं. पहाटे सायकल काढून मोशी, भोसरी करत मी तिथे पोचायचो. काम मिळालं होतं बाटल्या भरायच्या खोलीत. उकळून काढलेले पांढरे कपडे, तोंडावर फडकं, आणि काचेच्या इवल्या बाटल्यांत भरायची, ताप नि पू उतरवणारी पांढरी पूड. ही पूड काय चीज आहे ते मला ठाऊक होतं. माझी थोरली बहीण बाळंतपणात तापानं जायला टेकली होती, तेव्हा असल्याच पुडीच्या सुयांनी ती उठून बसली होती. त्या पुडीला आपले हात लागावेत, एवढीच माझी इच्छा होती, आणि ती फार मोठी होती.

पण त्या खोलीच्या दारात कारखान्याचे डॉक्टर उभे असायचे. रोज सकाळी आत जाणाऱ्या प्रत्येकाची नखं बघायची, हात बघायचे, मान वर करायला लावून गळा बघायचा. दाढीचे खुंट दिसले की परत. फोड दिसला की परत. "आतल्या एका बाटलीत घाण गेली तर ती कुणाच्या तरी अंगात जाईल," ते म्हणायचे, आणि माणूस सज्जन असल्यामुळे त्यांच्याशी भांडताही यायचं नाही. दाढी केली की फोड, नाही केली की खुंट. कसाही गेलो तरी माझी रवानगी बाहेर कोळशाच्या ढिगावर. तिथले गडी मला बघितलं की ओरडायचे, "राव, आत फोडाचं औषध आणि बाहेर फोडांचा मालक!" मी दोघांना फावडं घेऊन मारायला धावलो होतो.

शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "महिनाअखेरपर्यंत मला स्वच्छ गळा दाखव. नाहीतर आतली जागा दुसऱ्याला द्यावी लागेल, मग तू कायमचा बाहेर." त्या दिवशी सायकल चालवताना मला रडू आलं.

त्याच सुमाराला नाना एका लग्नाच्या कामावर पाव्हण्यांच्या गावी गेले आणि तिकडेच अडकले. माझी पाळी चुकली. दाढी वाढली, मी मुकाट कोळसा ओढत राहिलो, आणि गंमत म्हणजे गळ्यावरचे फोड बसून गेले. एका संध्याकाळी मी ओसरीवर बसलो होतो. आबा, म्हणजे माझे वडील, बैलांचे मोठे पारखी. चाकणच्या बाजारात कुणाला बैल घ्यायचा असला की आबांना बरोबर नेत. बैलाच्या अंगावर केसांचे भोवरे कुठे आहेत, कोणता शुभ, कोणता खोटा, हे ते डोळे अर्धे मिटून नुसत्या बोटांनी सांगायचे. काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी माझी हनुवटी वर केली आणि गळ्यावरून बोटं फिरवायला लागले.

"ह्यो बग, हितं एक भवरा. हितनं केस कानाकडं पळत्यात. ह्या अंगाला दुसरा, त्यो आडवा. आन घाटीखाली तर पार उफराटं." मग हात काढून म्हणाले, "असला बैल फुकट दिला तरी मी घ्याचो न्हाई."

मी चिडून उठलो आणि उठता उठता थांबलो. नाना सगळ्यांचा गळा एकाच रीतीनं करत. वरून खाली सुलट, खालून वर उलट. पण माझ्या घाटीखाली त्यांचा सुलटाच उलटा पडत होता, आणि बाजूंना तर दोन्ही हात आडवे. शिवाय ताणलेली कातडी सोडली की मुळाशी छाटलेला केस आत बुडायचा, आणि वर येताना वाकडा होऊन मांसात शिरायचा. नानांची दाढी आठ दिवस टिकायची, म्हणून ती तेवढी खोल. मला आठ दिवसांची नकोच होती. मला हवी होती संध्याकाळपर्यंतची! रोज करायची, हलकी करायची, प्रत्येक भोवऱ्याच्या चालीनं करायची आणि गुळगुळीत करायचा मोह सोडायचा.

"आबा, उद्यापासनं माझी दाढी मीच करणार," मी म्हणालो.

आबांचा चेहरा उतरला. "येडा झालास का काय? सोताच्या हातानं दाढी कोन करतो? ज्याला गावानं वाळीत टाकलं, न्हाव्यानं सोडलं, त्यो! लोकं आपल्या दारात थुकतील." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्याकडे घर वाळीत पडलं की न्हावी बंद व्हायचा, आणि त्या घरातल्या माणसाला स्वतःच वस्तरा हातात धरावा लागायचा. एखाद्याचा गाल कापलेला दिसला तरी लोक कुजबुजायचे.

नाना परतल्यावर मी ओट्यावर जाऊन चारचौघांसमोर सगळं सांगून टाकलं. आबा मागे येऊन उभे राहिले. नानांचा हात पट्ट्यावर वस्तरा घासता घासता थांबला.

"माज्या हातात खोट काढतूस व्हय?"

"काढतो की," मी म्हणालो, कारण माझं तोंड कधीच माझ्या ताब्यात नव्हतं. "नाना, तुमचा हात लई चांगला हाय. तीच खोट हाय."

कुणीतरी हसलं. नाना हसले नाहीत. त्यांनी मला समोर बसवलं आणि आबांना म्हणाले, "दावा भवरं." आबांनी दाखवले. नानांनी त्यामागून आपली बोटं फिरवली, एकदा, पुन्हा एकदा.

"खरबरीत सोडल्याली दाढी म्हंजी अर्धी दाढी," शेवटी ते म्हणाले. "ती माज्या हातनं व्हायची न्हाई. तुजी तूच कर." मग त्यांनी धोकटीतून एक जुना, पातळ झालेला वस्तरा काढला, माझ्या हातात ठेवला आणि आवाज चढवून ओट्यावरच्या सगळ्यांना सांगितलं, "ह्यो वस्तरा मी दिलाय. मी. उद्या कुनी म्हनलं की न्हाव्यानं ह्येला टाकला, तर त्येची दाढी मी करनार न्हाई." आबांनी नानांना पान-तंबाखूची चंची पुढे केली. मला त्या क्षणी नानांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडलोही.

आधी त्यांनी मला मडक्याला साबण फासून तो वस्तऱ्यानं काढायला लावला. मडक्यावर चरा उठला की शिवी. मग गळा. कढत पाण्याचं फडकं आधी निवांत धरायचं, केस मऊ पडू द्यायचे. कातडी ताणायची नाही, बोटानं नुसती धरून ठेवायची. वस्तरा जवळजवळ आडवा, आणि जोर शून्य, त्याच्या वजनानं जाईल तेवढाच. उजवीकडे कानाच्या दिशेनं, डावीकडे घाटीकडे, आणि घाटीखाली, सगळ्या जगाच्या विरुद्ध, खालून वर. एका जागेवरून एकच हात. पुन्हा फिरवायची खाज सुटायची, ती मारायची. शेवटी तुरटी. पहिल्या दिवशी मी कानाखाली कापून घेतलं आणि आरसा फोडायला निघालो. पुढे हात बसला.

महिनाअखेरीला दारात उभा राहिलो. डॉक्टरांनी मान वर करायला लावली. उजेडाकडे वळवलं. मग गळ्यावरून बोट फिरवलं, आणि ते थबकले.

"खरखर लागते आहे."

"लागते," मी म्हणालो. "पण दिसते का?"

ते वाकले. इतके जवळ आले की त्यांच्या चष्म्यात मला माझाच गळा दिसायला लागला. मागची रांग पुढे सरकली. कोळशावरचे गडीसुद्धा कुंपणापाशी येऊन बघत होते.

"नाही," ते म्हणाले. "दिसत नाही. आणि फोड एकही नाही." मग त्यांनी दार उघडून धरलं. "जा आत."

आत जाऊन मी पहिली बाटली भरली तेव्हा पुडीचा कणही बाहेर सांडला नाही, याचा मला आजही गर्व आहे. जेवणाच्या सुट्टीत कोळशावरचा एक गडी नळापाशी आला, शर्टाची कॉलर खाली ओढून आपली फोडांनी भरलेली मान मला दाखवली आणि म्हणाला, "राव, माझे पण भोवरे बघून द्या की." मी डोळे अर्धे मिटून त्याच्या मानेवर बोटं फिरवली. मग दुसरा आला. काही दिवसांत नळापाशी माझ्यासमोर रांग लागायला लागली.

पुढे कायम झालो. एका सकाळी दारात डॉक्टरांनी माझी नखं बघितली, हात बघितले आणि मानेकडे न बघताच "पुढे चला" म्हणाले. मला असा राग आला! एवढी मेहनत घ्यायची आणि यांनी ढुंकूनही बघायचं नाही? मी जागचा हललो नाही. हनुवटी वर केली आणि म्हणालो, "डॉक्टर, गळा राहिला."

मागच्या रांगेत खसखस पिकली. डॉक्टरांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि दोन्ही बाजूंनी गळा बघितला. अगदी सावकाश.