रस्त्याकडेची कांगारूची मादी

लेकीकडे ऑस्ट्रेलियाला गेले होते तेव्हाची गोष्ट. समुद्रकाठचं हिरवं जंगल, त्यातला पोपटांचा कलकलाट केव्हाच मागे पडला होता. आता दोन्हीकडे नुसती तांबडी माती. बसून बसून अंग आंबलं होतं. रस्त्याकडेला गाड्यांनी उडवलेले कांगारू दिसत होते. ते पाहून डोळेही थकले. अशाच एका मेलेल्या मादीपाशी मुग्धानं गाडी थांबवली.

"आता कशाला गं?"

"पोटाच्या पिशवीत पिल्लू असतं कधीकधी, आई. बघायला हवं."

तीही दमलेलीच होती. तरी गुडघे टेकून तिनं पिशवीत हात घातला आणि हलकेच एक पिल्लू बाहेर काढलं. नुकती लव फुटलेलं, जिवंत. ओढणीत गुंडाळून तिनं ते माझ्याकडे दिलं.

"छातीशी धर. ऊब लागते त्याला."

एवढा अफाट खंड बाहेर पसरला होता, आणि त्या जिवाला वीतभर अंधारी जागा पुरत होती.

प्राण्यांच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा ते गाढ झोपलं होतं. तिथल्या बाईंनी हात पुढे केले. माझे हात मात्र सुटेनात.

"आई, दे आता," मुग्धा हळूच म्हणाली.