शाळेचं छप्पर आणि बाबांचा क्लेम

माझे सासरे उल्हासराव, म्हणजे आमचे बाबा, तीस वर्षं पुण्यात विम्याचे सर्व्हेअर होते. थोडक्यात, लोकांचे क्लेम कापणं हा त्यांचा धंदा. दोन महिन्यांसाठी ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या टार्निटला आमच्याकडे आले आणि कोविडने सीमा बंद झाल्यावर दीड वर्ष अडकले. डिशवॉशरमध्ये मी लावलेली भांडी ते रोज बाहेर काढून नव्याने लावायचे. मला वेड लागायचं तेवढं बाकी होतं.

आणि एक दिवस शेजारची सेरा कुंपणापाशी आली. तिच्या फिजीतल्या गावच्या शाळेचं छप्पर चक्रीवादळात उडालं होतं, मुलं ताडपत्रीखाली बसत होती. श्रीमंत देशांच्या एका हवामान निधीने मदत म्हणून चक्क कर्ज देऊ केलं होतं. असा संताप आला मला! ज्या गावात धड दहा गाड्या नाहीत, त्याने जगाच्या धुराचे हप्ते भरायचे? शुक्रवारी झूमवर शेवटची सुनावणी होती आणि गावातर्फे सेराच बोलणार होती.

"फॉर्म पाठव," बाबा सेराला म्हणाले. चाळीस पानी फॉर्म बघून त्यांचा चेहरा असा खुलला, की दोन दिवस डिशवॉशर माझ्या ताब्यात राहिला.

शुक्रवारी वर ब्लेझर, खाली लेंगा घालून बाबा सेराचे सल्लागार म्हणून झूमवर बसले. निधीच्या साहेबाने विचारलं, "छप्पर आधी धड होतं, याचा पुरावा?"

"हा तर माझा लाडका प्रश्न!" बाबांनी शाळेचे अकरा वर्षांचे ग्रुप फोटो झरझर दाखवले. प्रत्येकात मुलांच्या डोक्यावर तेच लाल छप्पर. पुढे तर साहेब तोंड उघडायचा आणि बाबाच त्याचं वाक्य पुरं करायचे. मी ऑफिसची मीटिंग म्यूट करून दारात हसून हसून वाकले.

शेवटी साहेब म्हणाला, "आम्हाला सहानुभूती आहे, पण नियमात कर्जच बसतं."

हेच वाक्य बाबा स्वतः किती दारांत उभं राहून बोलले असतील! मग हळूच, अगदी ऑस्ट्रेलियन थाटात म्हणाले, "मेट, माझ्या गाडीला तू ठोकलंस, आणि दुरुस्तीसाठी मलाच कर्ज देतोस? वर व्याज?"

तीन आठवड्यांनी मेल आली. कर्ज रद्द, पूर्ण रक्कम अनुदान! सेराने ड्राइव्हवेवर स्पीकर लावला आणि बाबांना हाका मारल्या. दीड मीटर अंतर राखून दोघं बेभान नाचले.

धापा टाकत बाबा माझ्यापाशी आले. "चिन्मयी, तीस वर्षं लोकांच्या घरी गेलो गं. मनापासून कोणी चहासुद्धा विचारला नाही."

डोळे पुसले, लेंग्याची नाडी आवळली आणि पुन्हा नाचायला पळाले.