डावीकडची बट

डॉक्टर शशिधर रेगे रिटायर झाल्यावर जपानी नाचाच्या क्लासला जायला लागले, तेव्हा सुप्रभाताईंना वाटलं, चला, गुडघे तरी हलतील. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात भूल देण्यात जन्म गेलेला माणूस. घरात बोलणं मोजकं, आवाज कधी चढला नाही, डोळ्यांत पाणी तर लग्नापासून कुणी पाहिलेलं नाही.

क्लास हारुए नावाची जपानी बाई घ्यायची. शिकवायची ती कबुकी नाटकातले नाच. त्यात बायकांची कामं पुरुष करतात, हे कळल्यावरही सुप्रभाताईंना वावगं वाटलं नाही. शालू नेसून गाणाऱ्या नटांच्या गोष्टी त्यांनी आजोबांकडून ऐकल्या होत्या.

कार्यक्रम कम्युनिटी सेंटरमध्ये होता. सुरुवातीला हारुएंनी लोकांना थोडं समजावलं. तोंडावर लाल पट्टे असले तर तो शूर, निळे असले तर दुष्ट. बाईचा चेहरा मात्र नुसता पांढरा, त्यामुळे तिचे केस आणि कपडे बघायचे. आखूड बाह्या म्हणजे लग्न झालेली. भुवया नसल्या तर आई झालेली. "आणि केसांच्या टोपातून एक बट सुटलेली दिसली, तर समजा तिच्यावर काहीतरी ओढवलंय."

मग ती आली. राखाडी किमोनो, आखूड बाह्या, भुवया नाहीत. डाव्या कानाजवळ एक बट सुटलेली. हे आपले यजमान, असं सुप्रभाताई स्वतःला सांगत राहिल्या, पण मन काही ते घेईना. ती बाई खाली बसली. समोर बाळाचा एवढासा किमोनो. तिने त्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग स्वतःच्या बाहीचं टोक दातांत धरलं आणि तशीच बसून राहिली.

सुप्रभाताईंचं पहिलं बाळ हॉस्पिटलमधून घरी आलंच नव्हतं. त्यानंतर भाड्याच्या घरात पलंगावर बसून त्या लोकरीच्या झबल्यांच्या अशाच घड्या घालत होत्या, पदर अस्साच दातांत होता. शशिधर दारात येऊन उभे राहिले होते आणि ड्युटीवर निघून गेले होते.

नाच संपल्यावर त्या आत गेल्या. टोप काढून ठेवला होता. डोक्याला कापडी टोपी घट्ट बसवलेली, खाली तोच पांढरा चेहरा. नेहमीचं 'अहो' तोंडातून निघेना.

"तू कुठे पाहिलंस हे?" त्यांनी विचारलं. आपण 'तू' म्हणालो हे त्यांना मागाहून कळलं.

"दारातून," शशिधर म्हणाले. "बट डावीकडे हवी, हेही मीच हारुएंना सांगितलं."

"मग तेव्हा आत का नाही आलात?"

शशिधर आरशाकडे वळले. "मला वाटलं, मी आलो की तू रडणं थांबवशील. की मीच घाबरलो होतो? खरंच सांगता येत नाही, सुप्रभा."

सुप्रभाताईंना काय वाटावं ते समजेना. ह्यांनी सगळं पाहिलं होतं, इतकी वर्षं जपलं होतं, म्हणून माया दाटून आली. आणि आपली एवढी खाजगी गोष्ट न विचारता लोकांसमोर मांडली, म्हणून रागही आला. एक धरावं तर दुसरं सुटत नव्हतं.

घरी पोचल्यावर केंब्रिजहून लेकीचा, उर्वीचा फोन आला. तिचं मराठी इंग्लंडातच वाढलेलं. "आई, बाबांची डान्स कसं झाली?"

"चांगला झाला."

"मग तुझा आवाज असं का येतोय?"

"अगं, मलाच कळत नाहीये. कळलं की सांगते."

पुढच्या क्लासला त्या शशिधरांबरोबर गेल्या. त्या दिवशी रंगभूषेसकट तालीम होती. त्या कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसल्या. आधी मेण चोळलं गेलं, त्याखाली भुवया बुजल्या, मग पांढऱ्या रंगाचा रुंद ब्रश कपाळावरून फिरला. नवरा नक्की कधी जातो आणि ती बाई कधी येते, तो क्षण पकडायचा म्हणून त्या टक लावून बघत होत्या. पण नवरा गेलाय असंही वाटेना आणि तो समोर आहे असंही वाटेना.

मानेची मागची बाजू स्वतःला रंगवता येत नाही. हारुएंनी ब्रश सुप्रभाताईंच्या हातात दिला. पहिला फटकारा बसताच शशिधरांचे खांदे थरथरले. रंग गार होता म्हणून, की आणखी कशाने, सुप्रभाताईंना कळलं नाही. त्यांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला.