नऊपैकी दोन

दिल्लीत मराठी माणसाला एक वाईट सवय लागते: चारचौघांत वाट्टेल ते मोठ्यानं बोलायची. कुणाला कळतंय? सरोजिनी नगरच्या बाजारात मी नि बायको दुकानदाराच्या तोंडावर त्याच्या मालाची यथेच्छ निंदा करायचो आणि मग गोड हिंदीत भाव विचारायचो. या सवयीपायी मी एकदा असा आपटलो की बस.

आयव्हीएफचा आमचा तिसरा प्रयत्न होता. बायकोनं बजावलं होतं, "हा शेवटचा. सुयांनी पोटाची चाळण झालीये माझ्या." सकाळी तिला भूल देऊन एग्ज काढली. नऊ निघाली. मी अमरावतीला सासूबाईंना फोन करून अशा थाटात सांगितलं, जणू ती मीच घातली होती.

दुपारी लॅबच्या मॅडम बाहेर आल्या. "सर, नौ में से मॅच्युअर सिर्फ दो हैं. बाकी कच्चे हैं, काम नहीं आएँगे."

बायको पडद्याआड झोपली होती. मी पडद्याला टेकून स्टुलावर बसलो आणि पुन्हा फोन लावला. सासूबाईंना कमी ऐकू येतं. समोर एक सरदारजी पेंगत होते. मी निर्धास्त आवाज चढवला.

"आई, दोनच पिकलेली आहेत. काही खरं नाही. तिला कळू द्यायचं नाही हं! नऊच्या नऊ उत्तम आहेत, असंच सांगतो."

त्या अख्ख्या वॉर्डात मराठी कळणारी एकच बाई होती, आणि ती माझ्या पाठीला लागून होती.

"दोन?" आतून आवाज आला.

मी फोन कट करून पडदा सारला. ती छताकडे बघत होती.

"तू जागी आहेस?"

"तू बोलत असताना कोण झोपेल? खोटं तरी हळू ठरवावं माणसानं."

मी हसलो. ती हसली नाही. तिनं माझी करंगळी घट्ट धरली. "दोन तर दोन. आता आणखी कमी नको होऊ देऊस रे." जणू ते माझ्या हातात होतं.

त्या दोनांतून गर्भ तयार झाले का ते सांगायला दुसऱ्या दिवशी ऑफिसात लॅबचा फोन आला. मग मी मयूर विहारला घरी लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला.

"ऐक ना, डॉक्टर म्हणतायत की कधीकधी असं..."

"किती?"

"म्हणजे दोन्हींचं त्यांनी सगळं नीट..."

"किती राहिली, यार?"

"एकही नाही."

तिनं फोन ठेवला नाही. मीही नाही. समोर शिपाई फाइल उघडून उभा होता. मी न वाचता सही केली आणि तिचा श्वास ऐकत राहिलो.