सुमनताईंचं वाक्य

काल एसटीत शेजारच्या आजोबांना कंडक्टरने विचारलं, "कुठं जायचं?" आजोबा पहिल्याच अक्षरावर अडखळले. गावाचं नाव मी ओळखलं होतं, अगदी ओठांवर आलं होतं. कंडक्टर मात्र मशीनवर बोट ठेवून उभा राहिला. "सावकाश होऊ द्या, बाबा," एवढंच म्हणाला. नाव आजोबांनीच पूर्ण केलं.

मी कितीतरी वर्षं गावोगावच्या महिला बैठकांत सुलभक होते. बायकांना बोलतं करायचं आणि आपण कमी बोलायचं, हेच माझं काम. पण शांतता मला सोसायची नाही. ती माझंच अपयश वाटायची. एकदा, कधीच न बोलणाऱ्या सुमनताई उभ्या राहिल्या. "ताई, पाण्याचं म्हणाल तर..." म्हणाल्या आणि थबकल्या.

"लांबून आणावं लागतं, हो ना?" मी म्हणाले आणि भिंतीवरच्या कागदी तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहूनही टाकलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सुमनताईंनीही डोलावली, पदर सावरला आणि खाली बसल्या. पुन्हा कुठल्याच बैठकीत त्या उठल्या नाहीत.

तो तक्ता अजून माझ्या कपाटात आहे. त्यावर सुमनताईंच्या नावापुढे माझं वाक्य आहे. त्यांचं स्वतःचं काय होतं, ते मी कधी विचारलंच नाही.