ओसरीवरचं मंडळ

आमच्या अध्यक्षबाई शिंक आली तरी आधी सभेची परवानगी मागायच्या. ती मिळेपर्यंत शिंक निघून जायची. लोणावळ्याच्या भगिनी मंडळात निम्म्या बायका शिवण शिकायला यायच्या आणि निम्म्या हे बघायला.

नियम करणं हा त्यांचा छंद. उशिरा येणारीनं उभं राहायचं. सासूबद्दल बोलायचं ते ठराव संपल्यावर, तेही आळीपाळीनं. तुंगार्लीच्या बंगल्यात त्यांचा नवराही बोलायच्या आधी हात वर करतो, असं बायका म्हणायच्या. मी पाहिलेलं नाही, पण मला खरं वाटतं.

मी टाकव्याची. लग्नानंतर लवकरच नवरा वारला, म्हणून लोणावळ्यात भावाकडे राहत होते. भाकरी वाढताना भावजय तोंड फिरवायची. मला शिवण शिकून स्वतःचं पोट भरायचं होतं. शिकायला मशीन एकच, अध्यक्षबाईंनी घरून आणून मंडळात ठेवलेलं. त्याला हात लावायचा तर सभासद व्हायला हवं, आणि सभासद फक्त सवाष्णी, कारण सभा हळदीकुंकवानं सुरू व्हायची.

"तेवढा वेळ मी भाईर बसते की," मी म्हटलं.

"नियमात 'तेवढा वेळ' नाही," त्या म्हणाल्या.

पण ओसरीबद्दलही नियम नव्हता. मी रोज खिडकीखाली ओसरीवर बसू लागले. त्यांना ते ठाऊक होतं, कारण आत शिकवताना त्या खिडकीकडे तोंड करून मोठ्यानं बोलायच्या. एकदा म्हणाल्या, ओसरीवर कुणी असेल तर तिनं टाका बारीक घालावा. मशीनला मात्र हात लावू दिला नाही.

मग त्यांचे यजमान गेले. काही महिन्यांनी त्या मंडळात आल्या, कपाळ मोकळं. चिटणीसबाईंना तोवर अध्यक्षांची खुर्ची मानवली होती. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "या ना आत. तुमच्यासाठी आम्ही नियम बाजूला ठेवू."

अध्यक्षबाई उंबऱ्यावरच थांबल्या. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मग हिच्यासाठी का नाही?"

मीच म्हटलं, "तुमी तरी कुटं बाजूला ठेवला हुता?"

"माहीत आहे. सरक, बसू दे मला."

बसल्यावर त्यांनी मशीन बाहेर आणायला सांगितलं. बांगड्या भरणारी आमिनाबी तिथंच होती. ती सगळ्या सभासदांच्या हातात बांगड्या भरायची, पण तिलाही मंडळात घेतलेलं नव्हतं. आम्ही दोघींनी मशीन उचललं. कुणी अडवलं नाही, जड होतं.

ओसरीवर नवं मंडळ झालं. नियम एकच, ज्यांना आत घेत नाहीत त्यांनाच घ्यायचं. कुरवंड्याची एक नवऱ्यानं टाकलेली आली, आणखी विधवा आल्या. आत मशीन नाही आणि बाहेर हसणं चाललेलं, त्यामुळे सवाष्णी खिडकीला चिकटू लागल्या. चिटणीसबाईंची सूनच पहिली विचारायला आली.

"तुला आत घेतात?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"घेतात."

"मग माझा नाइलाज आहे."

पोरगी रडकुंडीला आली. पुढच्या आठवड्यात सासूशी कडाक्याचं भांडून तिनं आतलं नाव काढून घेतलं, तेव्हा कुठं तिला ओसरीवर जागा मिळाली.

शेवटी चिटणीसबाईंनी सवाष्णींचा नियम रद्द केला आणि आम्हा सगळ्यांना आत बोलावलं. अध्यक्षबाईंनी आमचं मत विचारलं. "आत लय कोंदट हाय," मी म्हटलं. ठराव मंजूर झाला.

चोळ्या शिवून मी वेगळी खोली घेतली. भावजय चोळीचं कापड घेऊन यायची. तिला मी मुद्दाम ताटकळत ठेवायचे.

अध्यक्षबाई पुढे मुलाकडे पुण्याला गेल्या, मशीन आम्हाला ठेवून. काही वर्षांनी त्या वारल्याचं कळलं, तेव्हा आम्ही ओसरीवर शिवतच होतो. कुरवंड्याची म्हणाली, दोन मिनिटं उभं राहू या. आमिनाबीनं मान वर न करता हुबेहूब त्यांच्या आवाजात विचारलं, "कोणत्या नियमानुसार?"

आम्ही इतक्या हसलो की नंतर कुणालाच उभं राहणं जमलं नाही.