टिकटिक आत्याची गाडीमोजणी

नाक्यावर अशी बोलवा होती की टिकटिक आत्या गाड्या खाते. दहा गेल्या की सात मोजते, तीन पोटात घालते. रस्ता रुंद झाला तर तिच्याच घरावर येणार होतं, तेव्हा बोलवा उठवणारेच पुढे म्हणायचे, "बरोबर आहे हो, घरासाठी माणूस एवढं करणारच."

खरं अगदी उलट होतं. आत्या एक सायकलसुद्धा सोडत नव्हती, आणि गाडीगणिक स्वतःच्याच घराविरुद्धचा आकडा वाढवत होती.

ती रस्ते खात्याची मोजणीवाली. मुठीत मावेल एवढं यंत्र, अंगठा दाबला की टिक. दर तासाचा आकडा तक्त्यावर आधी पेन्सिलीने लिहायचा आणि दिवस संपला की पेनाने गिरवायचा. सतरा वर्षं हेच काम. घरातसुद्धा कुणी दोनदा शिंकलं तर तिचा अंगठा दोनदा हलायचा.

तीन वर्षांपूर्वी या नाक्यावर दुपारभर बसून शंभर गाड्या जमायच्या नाहीत. आता समोरच्या माळावर चौदा-चौदा मजल्यांच्या सहा इमारती उठल्या होत्या, आणखी चार उठत होत्या. पाण्याचे टँकर, काँक्रीटचे मिक्सर, शाळेच्या पिवळ्या बसगाड्या आणि घरसामानाचे टेम्पो. प्रत्येक टेम्पोत गाद्यांच्या ढिगावर एक माणूस कुंडी मांडीत धरून बसलेला. खात्याने ठरवलं होतं, तीन दिवसांत तीस हजारांच्या वर गाड्या गेल्या तर रस्ता रुंद करायचा, नाहीतर पाच वर्षं फाईल बंद. रुंदीकरणाची लाल खूण आत्याच्या घराच्या बाजूच्या भिंतीवर, दारापासून नऊ फूट आत होती. म्हणजे पुढची खोली जाणार. ती खोली आत्याने स्वतःच्या पगारातून बांधली होती, मागची दोन तिच्या भावाची, म्हणजे माझ्या वडलांची; त्याला घरीदारी सगळे दादाच म्हणतात, मीसुद्धा.

तिने साहेबांना आधीच सांगितलं होतं, "साहेब, माझं घर त्याच नाक्यावर आहे. दुसऱ्या कुणाला बसवा."

साहेब फाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "बाई, इतके नाके झालेत की माणसं कुठून आणू? आणि घर जवळ आहे ते बरंच की. डबा गरम मिळेल."

पहिल्या दिवशी नऊ हजार नऊशे चाळीस. दुसऱ्या दिवशी नऊ हजार नऊशे साठ. संध्याकाळी दादाने पाठीमागून तक्ता वाचला आणि त्याचा चेहरा उजळला. तिसरा दिवस असाच गेला तर तीस हजार होतच नव्हते.

"उद्या गल्लीतलं एकही वाहन बाहेर निघणार नाही," दादा म्हणाला. "सगळ्यांना सांगतो."

"सांगू नकोस," आत्या म्हणाली. "गाड्या जेवढ्या येतील तेवढ्या येऊ देत."

पण दादा ऐकतो थोडाच! गल्लीने शब्द दिला. कामावर जाणारे पायी निघाले, दूधवाला कॅन खांद्यावर घेऊन फिरला. दहा वाजेपर्यंत आकडा छान खाली होता. पण गल्लीला राहवेना.

पहिला दादाच आला, स्कूटरवर. "किती झाले गं?"

टिक. "दादा, घरी जा."

गेला. टिक. मग इस्त्रीवाला मोटारसायकलवर आला. "ताई, चिंता नको, आम्ही आहोत." येताना टिक, जाताना टिक. इमारतींच्या सोसायटीचे सेक्रेटरी गाडीतून उतरले आणि बैठकीतल्यासारखे घसा खाकरून म्हणाले, "आमचा, म्हणजे सदस्यांचा, रुंदीकरणाला तत्त्वतः पाठिंबा आहे, पण तुमच्याबद्दल, म्हणजे व्यक्तिशः, सहानुभूती आहे." सहानुभूतीचे दोन टिक झाले. माझे मामा रिक्षा करून आले, विचारपूस केली आणि रिक्षा करूनच परत गेले. आत्या हात जोडून सांगत होती, "चालत या रे, नाहीतर येऊच नका." उजवा हात जोडलेला असतानाही त्याचा अंगठा चालूच.

आठ वाजता तिने स्टूल मिटलं. तीन दिवसांची बेरीज तीस हजार एकशे बारा.

दादा फुटपाथवर बसला. मग हळूच म्हणाला, "आपलीच माणसं दोनशेच्या वर असतील. ती वजा कर. अजून पेन्सिलच आहे."

आत्या दिव्याखाली तक्ता धरून उभी होती. तिच्या भिंतीवरची लाल खूण तिथून दिसत होती. ती तक्त्याकडे बघायची, मग भिंतीकडे. मी तिचं स्टूल धरून शेजारीच होते, आणि खोडरबर तिच्या पिशवीत असतं हे मला माहीत होतं.

मी पटकन म्हटलं, "आत्या, पैज. तू एकशे बारा तरी खोडशील. हरेल त्याने वर्षभर पुढच्या खोलीचा केर काढायचा."

"लागली," ती म्हणाली. मग दादाकडे बघून, "अकरा वेळा आलास तू. अकरा. त्या अकरा वेळा रस्ता वापरला नाहीस का? हवेतून आलास?"

आत्याने पेन काढलं, झाकण दातात धरलं आणि सकाळी सहाच्या चौकटीपासून एकेक आकडा गिरवत खाली आली. कुठेच खोडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी केर काढते आहे. वर्ष भरेपर्यंत खोली राहील असं कुणी म्हणत नाही, पण आत्या म्हणते, पैज ती पैज.